खराट्यातली मापं

आमच्या शेजारच्या काकांकडे मोजण्याचं एकही साधन धड नव्हतं. लाकडी फुटपट्टी होती, तिचा पहिला इंच त्यांनी करवतीनं उडवलेला. शिंप्याची फीत होती, ती कापून कामाच्या बाकड्याच्या कडेला बारीक खिळ्यांनी ठोकलेली. शाळकरी पोरांच्या पेटीतला पत्र्याचा कोनमापक होता, त्याला भोक पाडून दोरा ओवलेला आणि दोऱ्याच्या टोकाला मासेमारीच्या जाळ्याचं शिसं बांधलेलं. नागावात कुणी चुकून काकांची पट्टी उसनी नेली तर त्याची खिडकी हमखास इंचभर तोकडी व्हायची. मग तो माणूस तणतणत यायचा. काका पट्टी हातात घेऊन शांतपणे सांगायचे की ती बरोबरच आहे, ती कुठून सुरू होते हे तुम्ही बघितलं नाहीत.

मी लग्न होऊन नागावात आले त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. आमची वाडी आणि काकांची वाडी यांच्यामध्ये फक्त मेंदीच्या कुंपणाची वई होती, आणि त्या वईला जाण्यायेण्याइतकं एक खिंडार होतं. दुसऱ्याच दिवशी मी नवी सून म्हणून त्यांच्या पाया पडायला गेले. मी वाकले, त्यांनी आशीर्वादाला हात उचलला, पण डोळे माझ्या डोक्यावरून मागच्या दाराच्या चौकटीकडे. ‘सूनबाई उंच आहे, ही चौकट लागेल तिला,’ एवढंच म्हणाले. परतताना चौकट लागलीच. कपाळाला टेंगूळ घेऊन मी घरी आले आणि सासूबाईंना विचारलं, हे गृहस्थ आहेत तरी कोण? त्या म्हणाल्या, बाई गो, त्याचं उत्तर त्यांच्या बायकोलाबी अजून सापडलं न्हाय.

काकांची उमेदीची सगळी वर्षं मुंबईला फोर्टातल्या एका साहेबाच्या दुकानात गेली होती. नकाशे काढायची, जमिनी मोजायची हत्यारं तिथे विकायला असत. पितळेची, हस्तिदंताची, काचेच्या कपाटात मखमलीवर झोपवलेली. काकांचं काम म्हणजे ती रोज पुसायची, गिऱ्हाइकाला दाखवायची आणि परत झोपवायची. त्यांनी एखादी रेघ ओढून बघायची मात्र सोय नव्हती. नोकरी संपवून ते गावी आले आणि मागच्या पडवीत त्यांनी सुतारकामाचा पसारा मांडला. करवत, रंधा, पटाशा चांगल्यापैकी घेतल्या, पण मोजायच्या हत्यारांवर दिडकी खर्च करायची नाही असं जणू व्रतच घेतलं. मखमलीवर झोपणाऱ्या हत्याराला ते मधुमेही शेठजी म्हणायचे. दिसायला भारदस्त, उठून कामाला मात्र यायचं नाही.

जत्रेत, बाजारात, शाळेच्या मागच्या केरात जे सापडेल त्यातून ते आपली साधनं करायचे. फुटपट्टीचा पहिला इंच उडवण्यामागेही शास्त्र होतं. स्वस्तातल्या पट्टीचं टोकच आधी झिजतं, म्हणून टोकाचा भरवसा धरायचा नाही, मोजायला आतून सुरुवात करायची. मग ते झिजलेलं टोक ठेवायचं तरी कशाला? दुसऱ्या एका मोडक्या पट्टीला त्यांनी ओळीनं भोकं पाडली होती. भोकात शिसपेन्सिलीचं टोक अडकवायचं, पट्टीचं दुसरं टोक फळीच्या कडेवरून सरकवत न्यायचं, की कडेला समांतर सरळ रेघ उमटायची. उताराचा कोन उतरवून घ्यायला दाराची जुनी बिजागरी. ती कौलाच्या वाशाला लावून हवी तेवढी उघडायची आणि तशीच सुतळीनं बांधून घरी आणायची. एकदा ते अशी बांधलेली बिजागरी दोन्ही हातांत धरून देवळापासून घरापर्यंत चालत आले आणि वाटेत भेटलेल्या एकाही माणसाच्या रामरामाला त्यांनी हात जोडले नाहीत, तेव्हापासून गावातलं एक घर त्यांच्याशी बोलेनासं झालं.

बाकड्यावरच्या फितीवर त्यांचा फक्त कोरड्या दिवसांत विश्वास होता. दमट हवेत कापड ताणलं जातं, मग फीत खोटं बोलते, असं म्हणून आषाढ लागला की ते तिच्यावर एक फडकं टाकायचे ते दसऱ्यालाच काढायचे. आणि फळीचा कोपरा गोल करायचा झाला की त्यांना काकींची बांगडी लागायची. आता सवाष्ण बाई हातातली काचेची बांगडी अशी काढून देईल का? मग काकींनी यायचं, पाची बोटं जुळवून फळीवर उभी करायची, एक बांगडी खाली घसरवून बोटांभोवती फळीवर टेकवायची आणि काकांनी तिच्या बाहेरून पेन्सिल फिरवायची. चार कोपऱ्यांना चार वेळा. तिकडे भात करपत असायचा. एकदा मी काहीतरी मागायला गेले तर काकी तशाच वाकून उभ्या होत्या. मला म्हणाल्या, ‘लोकांच्या बायका देवापुढे वाकतात, माझ्या नशिबी फणसाची फळी आली.’

पण काकांचा खरा विक्षिप्तपणा हा नव्हे. खरा विक्षिप्तपणा असा की ते आखायचे, आणि कापायचे नाहीत. बारीकसारीक कापाकापी चालायची, पण एखादं मोठं काम धरलं की ते रेघांपाशी थांबायचं. पडवीच्या भिंतीला फळ्या टेकून उभ्या असत, प्रत्येकीवर सुंदर रेघा, खाचांच्या जागा, भोकांच्या फुल्या, कोपऱ्यांना बांगडीचे गोल. पाहुणे आले की काकी त्यांना सगळं घर दाखवायच्या. हे आमचं कपाट, म्हणून एका फळीकडे बोट. हा देव्हारा, म्हणून दुसरीकडे. हा माझा झोपाळा, याच्यावर मी बसायची आहे, म्हणून एका जाडजूड फळीकडे. काकांना कुणी विचारलं की ते म्हणायचे, लाकूड अजून मुरतंय. हवा दमट आहे. ‘बघू, आधी आखून तर ठेवू,’ हे तर त्यांचं पालुपदच होतं. मला वाटतं, इतकी वर्षं दुसऱ्याची हत्यारं जपण्यात गेली, त्यात कुठेतरी मोडण्याची, बिघडण्याची भीती त्यांच्या हातात बसून गेली होती. पेन्सिलीची रेघ पुसता येते. कापलेलं लाकूड परत जोडता येत नाही.

आता त्या उन्हाळ्याचं सांगते.

आमचे हे मुंबईला छापखान्यात होते. शिमग्याला आणि गणपतीला यायचे. वाडी सासूबाई, मी आणि एक गडी मिळून बघत होतो. माड होते, थोडी पानवेल होती, आणि आदल्या वर्षी मी हट्टानं पोफळीची नवी रोपं लावली होती. मला वाडीचं वेडच लागलं होतं म्हणा ना. माहेरी आम्हाला तुळशीपुरतीसुद्धा माती नव्हती. सकाळी पाटानं पाणी येतं, एकेका आळ्यात शिरतं, आळं भरलं की आपण पायानं माती सारून ते पुढच्या आळ्याकडे वळवतो, या कामात मला जे सुख मिळायचं ते कशातच मिळालं नाही. पण त्या शिमग्याला हे आले ते ठरवूनच आले होते. दोन ठिकाणी संसार जमत नाही, म्हणाले. वाडी खंडानं कुणाला कसायला देऊन टाकू, आई आणि तू मुंबईला चला, चाळीत खोली बघितली आहे. मी रडले, भांडले. शेवटी एवढंच पदरात पडलं की हा उन्हाळा बघायचा. नवी पोफळ जगली तर पुढचं बोलू, जळली तर पावसाआधी घराला कुलूप.

आणि चैत्र संपता संपता आमचा रहाट मोडला.

रहाट म्हणजे विहिरीवर लोट्यांची माळ फिरवणारं उभं चाक, आणि त्याला फिरवणारं आडवं चाक. रेडा गोल फेऱ्या घालतो, आडवं चाक फिरतं, त्याच्या कडेच्या खुंट्या उभ्या चाकाच्या खुंट्यांत अडकून त्याला ढकलतात आणि लोटे भरभरून वर येतात. आडव्या चाकाची कड कुजली होती ती एका सकाळी तुकडे होऊन खाली आली. मधला खांब आणि आरे शाबूत, पण कड नाही आणि खुंट्याही नाहीत. रहाटाचं काम करणारा सुतार चौलचा. गडी त्याला बोलवायला गेला तो परत येऊन म्हणाला, ‘त्यो हिवतापानं अंथरुणावर हाय. पाऊस पडल्याबिगर काय उठत न्हाय.’ दुसरा सुतार मिळेना. गडी आणि मी कळशीनं पाणी शेंदून निदान लहान रोपांना तरी घालायचो. तळहातांना फोड आले. तरी अर्ध्या वाडीला पाणी पोचायचं नाही.

दोन दिवस काका वईच्या खिंडारात उभे राहून बघत होते. तिसऱ्या दिवशी आले, मोडक्या कडेपाशी उकिडवे बसले आणि म्हणाले की ही कड मी करीन. मला आनंद व्हायच्या आधी सासूबाईंनी मला आत ओढून नेलं. त्या म्हणाल्या, भावोजी आखतील, पुसतील, परत आखतील, तवर पोफळी जळून जातील. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पण दुसरं होतं कोण?

लाकडाचा प्रश्न काकींनी सोडवला. त्या आल्या आणि काकांना म्हणाल्या, झोपाळ्याची फळी जाड आहे, ती घ्या, आणि कपाटाच्याही घ्या. काका म्हणाले, अगं, पण त्या आखलेल्या आहेत. काकी म्हणाल्या, म्हणून तर सांगते. बघून बघून मला पाठ झाल्या आहेत.

मग मापं घेणं सुरू झालं. विहिरीवर काकांनी पट्टी आणलीच नाही. माडाच्या झावळीचे हीर आणले. पातीच्या मधली ती काडी स्वच्छ तासून घ्यायची, मोजायच्या जागी लावायची आणि जिथून जिथवर माप आहे तिथे चाकूनं दोन खाचा करायच्या. आकडा कुठेच नाही. आकडे सांगण्यात सगळी नोकरी गेली, आता आकडे नकोत, असं ते म्हणायचे. दोन खुंट्यांमधलं अंतर एका हिरावर, खुंटीच्या भोकाची रुंदी दुसऱ्यावर, कडेची जाडी, एका तुकड्याची लांबी, त्याचा बाक, सांध्याची खाच, अशी चांगली जुडी झाली. ते मोडक्या तुकड्यांपाशी बसून दिवस दिवस हीर लावायचे आणि मी शेजारून कळशी घेऊन जाताना दात ओठ खायची. सगळं झालं तेव्हा त्यांनी सासूबाईंना ऐटीत सांगितलं, मापं घेतली, आता हे तुकडे चुलीत गेले तरी चालतील. कुजकं लाकूड पाणी तापवायला बरं. सासूबाईंनी ते दोन दिवसांत जाळून टाकलं.

हिरांची जुडी काकांनी आमच्या पडवीत ठेवली होती, विहीर जवळ पडते म्हणून. आणि एका सकाळी ती जागेवर नव्हती.

आमच्या त्या किनाऱ्यावर कुठल्याही बाईला विचारा. तासून स्वच्छ केलेल्या हिरांची जुडी अंगणाच्या कडेला दिसली तर ती कशासाठी असते? सासूबाईंना वाटलं सुनेनं खराट्यासाठी हीर काढून ठेवलेत. त्यांनी आपले होते ते आणखी हीर त्यात मिसळले, बुंधे सारखे केले, कोयत्यानं एका घावात छाटले, आवळून बांधले, आणि अंगण झाडूनसुद्धा काढलं. काका आले तेव्हा त्या खराटा भिंतीला टेकवत होत्या. काकांनी जुडीची जागा बघितली, मग खराट्याकडे बघितलं. मला कळायच्या आधी त्यांना कळलं. ते पायरीवर बसले.

सासूबाईंच्या लक्षात आलं तसा त्यांचा चेहरा उतरला. जुनी कड जळून राख झाली होती, मापं छाटली गेली होती. माझ्या डोळ्यांसमोर ती चाळीतली खोली उभी राहिली.

काका उठले. खराटा उचलून त्यांनी त्याचे छाटलेले बुंधे निरखले, मग बंध न सोडता एक हीर ओढून काढला, त्याच्यावरून नख फिरवलं आणि टाकला. दुसरा काढला, टाकला. पाचव्या की सहाव्याला नख अडकलं. ‘आहे,’ ते म्हणाले. त्यांनी खाचा कुठल्याही हिराच्या टोकाला केल्याच नव्हत्या. टोकाचा भरवसा धरायचा नाही ही त्यांची खोड. दोन्ही खाचा आत घेतलेल्या, त्यामुळे बुंधा छाटला तरी माप जसंच्या तसं. ‘वहिनी, तुम्ही टोकच छाटलंत. आमचं माप आत होतं,’ ते सासूबाईंना म्हणाले, आणि सासूबाई पदर तोंडाला लावून रडल्या की हसल्या ते मला अजून सांगता येणार नाही.

त्या दिवसापासून काका तो खराटा खांद्यावर टाकून हिंडू लागले. खुणेच्या चिठ्ठ्या कुठे लावलेल्या नव्हत्या, सगळे हीर एकमेकांत मिसळलेले. कुठलं माप हवं असलं की ते खराटा मांडीवर घेऊन नखानं चाचपत, खाचांमधल्या अंतरावरून तो हीर ओळखत बसायचे. आमच्याकडे कुणी आलं आणि त्यांना तसं बघितलं तर आम्हाला खालच्या आवाजात विचारायचं, यांना काही झालंय का? सासूबाई, ज्या दोन आठवड्यांपूर्वी त्यांना कामातून गेलेले म्हणत होत्या, त्याच आता फणकारून सांगायच्या, काही झालं न्हाय त्यांना, चाक करतायत ते.

पण चाक होत नव्हतं. काका आखत होते. झोपाळ्याच्या फळीवर, कपाटाच्या फळ्यांवर, जुन्या रेघा पुसून नव्या. खुंट्यांची अंतरं सगळ्या गोलावर सारखी पडायला हवीत, त्यासाठी त्यांनी फळ्या जमिनीवर गोल मांडल्या आणि आधी तो पत्र्याचा कोनमापक मधोमध ठेवून दोरे ताणले. मुठीएवढ्या कोनमापकावरची केसाएवढी चूक कडेपर्यंत जाता जाता बोटभर झाली. मग शाळकरी कंपास चालवत चालवत गोलाभोवती नेला, तर त्याचा सांधा सैल, प्रत्येक फेरीला अंतर बदलायचं. शेवटी त्यांनी कंपासाच्या दोन पायांमध्ये मोडक्या पट्टीचा तुकडा आडवा घालून सुतळीनं घट्ट जखडला आणि मग फेरी जिथून सुरू झाली तिथेच येऊन मिळाली. मी ते बघायला गेले होते. काकांना झालेला आनंद मला दिसला. माझ्याही जिवात जीव आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रोपांपाशी गेले तर तीन पोफळींचे कोंब पिवळे पडले होते. मी तशीच खिंडारातून काकांकडे गेले. ते ओल्या फडक्यानं फळी पुसत होते. पुन्हा एकदा फिरवून बघतो, म्हणाले, सुतळी जरा सैल झाल्यासारखी वाटते.

माझा तोल गेला. मी त्यांच्याशी कधी चढ्या आवाजात बोलले नव्हते. त्या दिवशीही ओरडले नाही, पण मी भिंतीवरची करवत काढली आणि त्या फळीवरच्या उरलेल्या रेघेवर दात टेकवले. मला करवत धरतासुद्धा येत नव्हती. काका जागच्या जागी उभे राहिले. दारात काकी येऊन थांबल्या, हातात भाताचा डाव तसाच.

‘तशी नको,’ काका हळूच म्हणाले. ‘रेघेवर नाही. रेघेच्या बाहेरून.’

‘मला आतलं बाहेरचं कळत नाही,’ मी म्हटलं. ‘तुम्ही दाखवा. नाहीतर मी कापते, आणि जाते मुंबईला.’

त्यांनी माझ्या हातून करवत घेतली. पहिले दोन-तीन ओढे वेडेवाकडे गेले, मग करवत लाकडात बसली आणि तो आवाज सुरू झाला. पहिला तुकडा खाली पडला तेव्हा त्यांनी तो उचलून बराच वेळ उलटसुलट करून बघितला, त्याची कापलेली कड अंगठ्यानं चाचपली. काकी म्हणाल्या, पुढची घ्या. त्यांनी पुढची घेतली. नंतर दिवसभर वईपलीकडून करवतीचा आवाज येत राहिला, दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्याही. सासूबाई मला म्हणाल्या की कानाला बरं वाटतं. मला तर गाणं ऐकल्यासारखं वाटत होतं.

कड बसवली, खुंट्या ठोकल्या, गड्यानं रेड्याला जुंपलं. काका खराटा घेऊन विहिरीच्या काठावर उभे. रेड्यानं पाऊल टाकलं, चाक कुरकुरलं, खुंटीत खुंटी अडकली, सुटली, पुढची अडकली, आणि पहिला लोटा वर येऊन पन्हळीत पालथा झाला. सगळ्या फेरीत एकाच जागी अंतर किंचित कमी पडलं होतं, तिथे चाक खट् करून आवाज करायचं. काकांना तो आवाज सहन होईना. ती खुंटी काढतो, तासून परत बसवतो, असं ते म्हणू लागले तेव्हा मी त्यांना निक्षून सांगितलं की आता या चाकाला कुणी हात लावायचा नाही. मी चुलीपाशी असले तरी तो खट् ऐकू यायचा आणि पाणी चालू आहे हे कळायचं. मला तो हवा होता.

मृगाच्या आधी हे आले. बोटीनं रेवसला, तिथून बैलगाडीनं. ट्रंक खाली ठेवली, पाय धुतले, आणि पिशवीतून एक पितळेचं कुलूप काढून पडवीतल्या कोनाड्यात ठेवलं. चांगलं मुठीएवढं, नवंकोरं, चावी दोऱ्यानं बांधलेली. रात्री पडवीतला दिवा मी त्या कोनाड्यापासून लांब नेऊन ठेवला.

सकाळी ते वाडीत गेले. रहाट चालू होता. काका नेहमीसारखे वईपाशी उभे होते. ह्यांनी चाकाभोवती एक फेरी मारली, कडेवरच्या कपाटाच्या अर्धवट पुसलेल्या रेघा बघितल्या आणि विचारलं, केवढं आहे हो हे, किती फुटी? काका म्हणाले, मोजलं नाही. लागलं तेवढं केलं. हे हसले. मग चालत चालत पोफळीच्या रोपांकडे गेले. पिवळी पडलेली तीन गेली होती, बाकीच्यांना नवे कोंब फुटले होते. एका आळ्यातून पाणी बाहेर वाहायला लागलं होतं, ते ह्यांनी वाकून हातानं माती सारून पुढच्या आळ्यात वळवलं. लहानपणी त्यांनी तेच काम केलं होतं, हात विसरलेला नव्हता. मग ते तिथेच बसले, आणि पुढच्या आळ्याचं पाणी वळवायला मी गेले तर म्हणाले, राहू दे, मी आहे.

चार दिवस राहून ते निघाले. ट्रंक गाडीत चढवली. कोनाडा बघून मी म्हटलं, कुलूप राहिलं. ते गाडीत बसत म्हणाले, ‘राहू दे. गणपतीला येईन तेव्हा पन्हळीला दुसरी फळी घालू, ती गळते.’ एवढंच. गाडी वळणापलीकडे गेली तरी मी पायरीवरच उभी होते.

दुपारी काका आले. कोनाड्यातलं कुलूप त्यांना लगेच दिसलं. नवं आहे, कशाला आणलं, त्यांनी विचारलं. मी जे होतं ते सांगितलं. त्यांनी ते उचललं आणि तळहातावर तोललं.

‘लागणार नसेल तर मला द्याल?’ मग ते म्हणाले. ‘वजन चांगलं आहे. ओळंबा होईल.’

मी हो म्हटलं. त्यांनी खिशातून दोरा काढला, कुलपाच्या कडीत ओवला, गाठ सरकू नये म्हणून कुलूप दाबून बंद केलं. चावी सोडून माझ्या हातात दिली. ही तुम्हीच ठेवा, म्हणाले, मला काही उघडायचं नाही. मग पडवीच्या खांबापाशी जाऊन त्यांनी दोरा वरच्या टोकाला धरला आणि कुलूप खाली सोडलं. ते इकडे तिकडे झुललं. काकांनी एक डोळा मिटला आणि ते स्थिर होईपर्यंत वाट बघितली.

‘घर सरळ उभं आहे तुमचं, सूनबाई,’ ते म्हणाले.

चावी मुठीत धरून मी तिथेच रडले. काकांनी माझ्याकडे न बघता दोरा बोटांवर गुंडाळला, कुलूप सदऱ्याच्या खिशात टाकलं, आणि त्या वजनानं एका बाजूला कललेले असे ते खिंडारातून घरी गेले.